दारू सुटली, पोट सुटलं: गोडाच्या बदलीची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

  

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात वजनकाट्यापासून करू. आपल्या मलकापुरात, नांदुऱ्यात, मोताळ्यात दारू सोडलेली माणसं आहेत. खरंच सोडलेली. दोन महिने जातात, तीन जातात, आणि पँटचं बटण लागेनासं होतं. ज्याला कधी गोडाची आवड नव्हती तो रात्री अकराला उठून डबे उघडतो. चहात तिसरा चमचा साखर पडते. खिशात बिस्किटाचा पुडा येतो. मग घरातलंच कोणीतरी बोलून जातं, "पीत होता तेव्हाच बारीक होता, बरा दिसायचा."

बोलणारा हसून बोलतो. पण ज्यानं 90 दिवस दात-ओठ खाऊन काढलेत, त्याला हे कुठं लागतं ते त्यालाच माहीत. अशा एका वाक्यानं माणूस परत बाटलीकडे वळू शकतो. म्हणून हा भाग.

आता इतिहास. मलकापूरहून नागपूरकडे जाणारी गाडी पकडा. नांदुरा, शेगाव, अकोला मागे पडलं की मूर्तिजापूर येतं. त्या तालुक्यात दापुरे नावाचं गाव आहे. तिथे मामाकडे एक परटाचा मुलगा वाढला, देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना गाडगेबाबा म्हणू लागला. मामाकडे का वाढले? तर वडिलांमुळे. झिंगराजींना दारू लागली, तिच्यात होतं नव्हतं ते गेलं आणि शेवटी तेही गेले. देबू तेव्हा लहान पोरगा होता.

पुढे देबूजींचं लग्न झालं, मुलगी झाली, बारसं आलं. त्या काळी त्यांच्या समाजात अशा कार्याला भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायची रीत होती. रीत मोडणं म्हणजे सगळ्यांची नाराजी ओढवून घेणं. देबूजींनी दारूही दिली नाही, मटणही दिलं नाही. गोडाधोडाचं जेवण दिलं.

हा प्रसंग चरित्रांत येतो, भाषणांत येतो, आणि बहुतेक वेळा "समाजसुधारणा" अशी पाटी लावून पुढे जातो. मला त्या पंगतीत एक साधी गोष्ट दिसते. त्यांनी पान रिकामं ठेवलं नाही. लोक आलेत, त्यांना काहीतरी हवंय, आणि आपण त्यांच्या हातातला प्याला काढून घेतोय हे त्यांना कळत होतं. मग त्या जागी उपदेश वाढायचा की गोड? त्यांनी गोड वाढलं. उपदेश पुढे आयुष्यभर कीर्तनांत केलाच, तोही भुकेल्याला अन्न आधी देऊन.

आता इथून थेट अमेरिकेत जायचंय, जरा सांभाळून घ्या. 17 जानेवारी 1920 ला तिथे देशभर दारूबंदी लागू झाली. ती 5 डिसेंबर 1933 पर्यंत टिकली. बिअरचे कारखाने बंद पडायला आले, तेव्हा मालकांनी काय केलं? युंगलिंग आणि अनहायझर-बुश या मोठ्या बिअर कंपन्या आइस्क्रीमच्या धंद्यात उतरल्या. थंड ठेवायची यंत्रं होती, गाड्या होत्या, गिऱ्हाईक तेच होतं. त्या दशकात तिथे आइस्क्रीमचा खप चांगलाच वाढला. सगळं श्रेय दारूबंदीला देता येणार नाही, कारण फ्रिजही त्याच सुमारास घरोघरी येऊ लागले होते. पण धंदेवाल्याला माणसाची जीभ कळते. बार बंद झाला की माणूस कुठे जाईल, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

बंदी उठल्यावर दीड वर्षानं, मे 1935 मध्ये, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुडे भेटले. एक शेअरबाजारातला माणूस, बिल विल्सन. दुसरा सर्जन, डॉक्टर बॉब स्मिथ. त्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. आपण ज्याला "ए.ए.ची मीटिंग" म्हणतो ते हेच, भारतात 1957 पासून. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टर बॉब सावरावेत म्हणून त्यांना टोमॅटो, आंबवलेला कोबी आणि मक्याचा गोड पाक दिला जायचा. ऐकूनच कसंतरी होतं. पण हेतू तोच होता, अंगात साखर जाऊ दे, हात थरथरायचे थांबू दे. 1939 मध्ये त्यांचं मुख्य पुस्तक आलं. त्यातही एका डॉक्टरचा सल्ला नोंदवलाय की दारू सोडणाऱ्यानं चॉकलेट जवळ बाळगावं, आणि रात्री उठणारी ती विचित्र ओढ कधी कधी गोडानं शमते.

म्हणजे बघा, दापुऱ्याचा परीट आणि ओहायोचा सर्जन. एकाला दुसऱ्याचं नावही माहीत नाही. दोघंही दारूच्या जागी गोड ठेवतात.

हे लागू का पडतं? दारू मेंदूतल्या बक्षिसाच्या रस्त्यावर जोरात दार वाजवते. गोडही त्याच दारावर वाजवतं, फक्त हळू. ह्याचा पुरावा औषधांच्या दुकानात आहे. नॅलट्रेक्सोन नावाची गोळी अमेरिकेत 1994 मध्ये दारूची ओढ कमी करायला मंजूर झाली. वीस वर्षांनी, 2014 मध्ये, तेच औषध दुसऱ्या एका औषधाबरोबर एकत्र करून वजन कमी करायला मंजूर झालं. एकच औषध, बाटलीलाही आणि डब्यालाही. (ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायची, यूट्यूब बघून नाही.)

दुसरं कारण हिशेबाचं. एक ग्रॅम अल्कोहोल म्हणजे 7 कॅलरी, साखर 4, तेल-तूप 9. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिली व्हिस्कीत, साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. झाल्या 400 च्या वर कॅलरी, चखणा वेगळा. मग ते बंद केल्यावर माणूस बारीक व्हायला हवा ना? काही होतातही. पण रोज पिणारे बरेच जण रात्रीचं जेवतच नव्हते. जेवले तरी दोन घास. दारू सुटली की पोटाची आग शांत होते, जिभेला चव कळायला लागते, भूक परत येते. वर्षानुवर्षं उपाशी राहिलेलं शरीर जेवायला बसतं. त्यामुळे पहिल्या महिन्यांतलं थोडं वजन हे बरं होण्याचंच वजन असतं. ते बघून घाबरायचं नाही, आणि घरच्यांनी टोमणा तर मुळीच मारायचा नाही.

गोडाच्या या उपायाला एक धोकाही आहे. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी 1881 मध्ये मेंदूच्या एका आजाराचं वर्णन केलं. माणूस गोंधळतो, डोळे नीट फिरत नाहीत, चालताना तोल जातो. त्याचं मूळ बी-1 जीवनसत्त्वाच्या कमतरतेत आहे, हे नंतर कळलं. खूप पिणाऱ्या आणि नीट न जेवणाऱ्या माणसात बी-1 आधीच कमी असतं. त्यात नुसती साखर किंवा ग्लुकोज भरलं, तर उरलंसुरलं बी-1 वापरलं जातं आणि हा आजार उफाळू शकतो. म्हणून अशा पेशंटला दवाखान्यात ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत बी-1 देतात. आणखी एक. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात घरच्या घरी सोडू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तेवढं डॉक्टरच्या नजरेखाली करा.

मग पुढे गडबड कुठे होते? गाडगेबाबांच्या पंगतीला जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी नदीवर कपडे आपटायला किंवा शेतात निंदायला जायचा. गोड वर्षातून मोजके दिवस, बाकी ज्वारीची भाकरी आणि पातळ वरण. आपलं काय? दुकानात बसून काम, यायला-जायला बाईक, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर कचोरी-जिलबी. 250 मिली कोलाची बाटली घ्या, पाच-सहा चमचे साखर त्यातच. दारू सोडणारे बरेच जण ग्लास तोच ठेवतात, संध्याकाळची वेळ तीच, फक्त आत कोला ओततात. रोज दोन बाटल्या झाल्या की हिशेब तुम्हीच करा. आधीच लिव्हरवर चरबी असेल, किंवा घरात शुगरचा आजार असेल, तर हे परवडत नाही.

मला स्वतःला असं वाटतं की गोड हा बदली कामगार आहे. कायमचा माणूस रजेवर असताना येतो, काम सांभाळतो. त्याला पर्मनंट करायचं नसतं. पण पहिल्याच आठवड्यात काढूनही टाकायचं नसतं! "दारू पण बंद, साखर पण बंद, भात पण बंद, उद्यापासून जिम" असा पण केलेला माणूस किती दिवस टिकणार? पहिले दोन-तीन महिने एकच लढाई. ओढ आली आणि गुळाचा खडा तोंडात टाकून ती संध्याकाळ निघाली, तर तो खडा वसूल झाला. शुगर असलेल्यांनी मात्र हेही डॉक्टरला विचारूनच.

त्यानंतर वेळापत्रक बघायचं. 1986 मध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीनं मुक्तांगण सुरू केलं. तिथला निवासी उपचार 35 दिवसांचा असतो. अशा केंद्रात राहताना उठणं, नाश्ता, जेवण, झोप सगळं ठरलेल्या वेळी होतं. घरी आल्यावर पहिली मोडते ती जेवणाची वेळ. सकाळी नुसता चहा, दुपारी कसंबसं, आणि सात वाजता पोटात कावळे. नेमकी तीच पूर्वीची बसायची वेळ. ए.ए.मध्ये "हॉल्ट" म्हणून एक शब्द शिकवतात. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींच्या इंग्रजी नावांची पहिली अक्षरं जोडून तो केलाय. ओढ आली की आधी बघा, चारांतलं काय आहे. पहिलंच नाव भुकेचं आहे.

म्हणून सातच्या आधी, पाच-साडेपाचलाच खा. मूठभर फुटाणे, शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, मोडाची मटकी, सकाळची भाकरी ताकात कुस्करून. ह्यात आहारतज्ज्ञाची फी नाही, किराण्याच्या यादीत आधीच सगळं आहे. पण एक अडचण सांगतो. फुटाणे आणि शेंगदाणे हाच पूर्वीचा चखणा असेल, तर त्या चवीनंच आठवण येते. अशांनी ते काही महिने लांब ठेवावे, लाह्या-ताकावर यावं. चहा सहा वेळा होत असेल तर चार करा, साखर अर्ध्या चमच्यानं उतरवा, एकदम नको. आणि जेवल्यावर वीस मिनिटं चाला. उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसा बाहेर पडणं म्हणजे शिक्षा, तेव्हा रात्रीच.

घरच्यांसाठी एवढंच. त्याचं वजन तुम्ही मोजू नका. वरण-बट्टीच्या दिवशी तुपाची वाटी सगळ्यांच्याच पानातून थोडी मागे सरकवा, त्याच्या एकट्याच्या नको. आणि लग्नाच्या सीझनला त्याला घेऊन मांडवात लवकर जा, पहिल्या पंगतीला जेवा, मागची गाडी-बिडी "बसायच्या" आत घरी या.

कोणाला आत्ता, ह्या घडीला बोलायचं असेल तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत. भेटू पुढच्या भागात.