पूर्वी माडांना खत कोण घालायचं?



"पूर्वी माडांना खत कोण घालायचं? तरी नारळ धरायचेच ना!" हे वाक्य गावात मी शंभरदा ऐकलंय. मीही तेच म्हणायचो. त्याच भरवशावर रासायनिक खत बंद केलं, पण बदल्यात काहीच दिलं नाही. पहिली दोन वर्षं काही बिघडलं नाही. नंतर खालच्या झावळ्या कडेने पिवळ्या पडून करपल्या, कोवळी फळं गळू लागली. मी ज्याला सेंद्रिय म्हणत होतो, ती माडांची उपासमार होती.

मग आईला विचारलं, आजोबांच्या वेळी बागेत काय काय जायचं? यादी संपेना. गोठ्यातलं शेण-मूत. रोजची चुलीची राख. मोरीचं पाणी. पावसाआधी डोंगरावरचा पातेरा. रापणीला मासळी जास्त आली की न खपलेली आळ्यात पुरायची. वर थोडं मीठही.

यातलं काहीच अडाणीपणाचं नव्हतं. माडाला नत्रापेक्षाही पालाश जास्त लागतं; राखेत तेच असतं. मिठातलं क्लोरीनही त्याला मानवतं. कासरगोडचं नारळ संशोधन केंद्र १९१६ चं, आपलं भाट्याचं १९५५ चं. त्याच्या किती आधीपासून घर, डोंगर आणि दर्या मिळून बाग पोसत होते!

पुढे गॅस आला, राख गेली. गुरं विकली, शेण गेलं. मासळी कारखान्यात जाऊ लागली. नारळ मात्र बागेबाहेर जातच राहिले. येणं बंद, जाणं चालू.

आता मी काय करतो? पावसाच्या तोंडाला खोडापासून सहा फुटांपर्यंत आळं, त्यात माडामागे ५० किलो शेणखत आणि गिरिपुष्पाचा पाला. सोडणं उताणी करून चरात पुरतो, पाच-सात वर्षं ओल धरतात. झावळ्या जाळत नाही, गांडूळखत करतो. आणि माती तपासून पालाश कमी आलं तर तेवढं विकत आणून घालतो, त्यात कमीपणा मानत नाही.

एक लक्षात ठेवा. पोयीचा अंकुर पोटात धरल्यापासून नारळ पिकेपर्यंत माडाला साडेतीन वर्षं लागतात. म्हणून चूक उशिरा दिसते, सुधारणाही उशिराच. माझ्या झावळ्या हिरव्या झाल्यात, नारळ अजून पूर्वीइतके नाहीत.

तुमच्या घरी जुनी माणसं असतील तर विचारा, आळ्यात काय घालायचे? कमेंटमध्ये लिहा.