‘नेक्स्ट’ बटणाची गोष्ट

कुठलंही शिकायचं ॲप उघडा. व्हिडिओ संपला की खाली ‘पुढे’. गणित अडलं की ‘हिंट’. उत्तर चुकलं की लाल, बरोबर आलं की हिरवं. आपल्याला वाटतं की हे सगळं स्मार्टफोनबरोबर आलं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आमच्या मीटिंगमध्येही लोक याला ‘मॉडर्न यूएक्स’ वगैरे म्हणतात. पण ‘पुढे’ आणि ‘मदत’ ही दोन बटणं साठ वर्षांहून जुनी आहेत. माउस टेबलावर यायच्या आधीची.

साल १९६०. अमेरिकेतलं इलिनॉय विद्यापीठ, गाव अर्बाना. तिथल्या एका प्रयोगशाळेचे संचालक होते डॅनियल आल्पर्ट. कॉम्प्युटरने शिकवता येईल का, यावर इंजिनिअर, गणितज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशांची एक समिती बसली. शिकवायचं कसं यावर एकमत होईना. समित्यांचं जसं होतं तसंच झालं. शेवटी आल्पर्टनी काम दिलं नुकतीच पीएचडी झालेल्या, २६ वर्षांच्या डॉन बिट्झर नावाच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरला. त्याने वाद घालण्याऐवजी मशीन बांधलं. नाव प्लेटो.

पहिल्या प्लेटोवर एका वेळी एकच विद्यार्थी बसू शकत होता. मागे खोलीभर पसरलेला, व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा इलिॲक कॉम्प्युटर आणि समोर साधा टीव्ही. टीव्हीवर स्लाइड दिसायची आणि विद्यार्थ्याने दाबलेलं उत्तर त्याच स्लाइडवर उमटायचं. हातात मोजक्या बटणांचा छोटा कीपॅड. त्यातली दोन बटणं मला फार आवडतात. एक ‘हेल्प’. ते दाबलं की मूळ प्रश्न बाजूला राहून सोप्या सोप्या पायऱ्यांची वेगळी वाट सुरू व्हायची. आणि दुसरं ‘आहा’. हो, बरोबर ऐकलंत. मदतीच्या वाटेवर अर्ध्यात असताना डोक्यात एकदम प्रकाश पडला, तर ‘आहा’ दाबायचं आणि थेट मूळ प्रश्नावर परत यायचं. उरलेली मदत बघायची सक्ती नाही.

आता आजच्या ॲपमधली हिंट आठवा. चार हिंट असतात, शेवटची म्हणजे उत्तरच. पहिल्या हिंटमध्येच ट्यूब पेटली तर ‘मला कळलं’ असं सांगायची सोय कुठे असते? १९६०च्या आसपास कुणीतरी शिकणाऱ्याच्या त्या क्षणासाठी स्वतंत्र बटण ठेवलं होतं. पुढच्या कीबोर्डवर ‘आहा’ राहिलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढची बारा वर्षं भराभर सांगतो. १९६४ मध्ये बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी प्लाझ्मा पडदा शोधला. कारण सरळ होतं: तेव्हा मेमरी प्रचंड महाग होती आणि साध्या टीव्हीवर चित्र टिकवायला मेमरी लागते. प्लाझ्माचा ठिपका एकदा पेटला की आपला आपण पेटलेला राहतो. म्हणजे पुढे लोकांच्या भिंतींवर लटकलेला प्लाझ्मा टीव्ही मुळात शाळेच्या अभ्यासासाठी जन्माला आला! १९६७ मध्ये प्राणिशास्त्राचा विद्यार्थी असलेल्या पॉल टेन्झारने ‘ट्यूटर’ ही भाषा बनवली, म्हणजे शिक्षकांना स्वतः धडे लिहिता यावेत. आणि १९७२ च्या सुमारास आला प्लेटो-चार.

इथे जरा थांबू या. नारिंगी रंगात चमकणारा ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा पडदा. त्याच्या कडांना इन्फ्रारेड किरणांची १६ बाय १६ चौकटींची जाळी, म्हणजे टचस्क्रीन. लहान पोरांना टाइप करता येत नाही, तर बोट लावा. अक्षरंसुद्धा बदलता यायची: ८ बाय १६ ठिपक्यांत लेखकाने स्वतःची अक्षरं काढायची, त्यामुळे रशियन भाषेचे धडेही झाले. (देवनागरी जोडाक्षर ८ बाय १६ मध्ये बसवून बघा एकदा. ‘ष्ट्र’ला घाम फुटेल.)

कीबोर्डवर नेहमीच्या अक्षरांशेजारी खास बटणं: नेक्स्ट, बॅक, हेल्प, लॅब, डेटा, टर्म. ‘टर्म’ दाबून एखादा शब्द टाइप केला की धड्यात त्या शब्दासाठी ठेवलेल्या जागी जाता यायचं. प्रत्येक धड्यात ‘नेक्स्ट’चा अर्थ एकच, पुढे. केमिस्ट्री असो की व्याकरण, बोटांना नवं काही शिकावं लागत नसे.

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. तुम्ही ‘क’ दाबला की तो ‘क’ पडद्यावर टर्मिनल काढत नसे. तो फोनलाइनवरून मुख्य कॉम्प्युटरकडे जायचा आणि तिथून परत येऊन दिसायचा. लाइनचा वेग सेकंदाला १२०० बिट. तरी शेकडो लोक बसलेले असताना ते अक्षर जवळजवळ लगेच उमटायचं, कारण बिट्झरच्या टीमने ठरवलं होतं की विद्यार्थ्याला थांबायला लावायचं नाही. प्रत्येकाची माहिती डिस्कवरून न आणता वेगवान जादा मेमरीत ठेवायची, खर्च झाला तरी चालेल. आज फोरजीवर फिरणारं चक्र बघताना मला हे हटकून आठवतं.

उत्तर तपासणंही नुसतं ‘बरोबर-चूक’ नव्हतं. धडा लिहिणारा सांगू शकायचा की ‘हा’, ‘आहे’, ‘एक’ असे शब्द आले तर सोडून द्या, अमुक शब्दाऐवजी तमुक चालेल. स्पेलिंग थोडं चुकलं तर तोच शब्द खुणेने दाखवला जायचा. शब्दांचा क्रम चुकला तर बाण. म्हणजे ‘तुझं चुकलं’ असं न म्हणता ‘इथे बघ’ म्हणणं.

आता गोष्टीतलं दुसरं पात्र. प्लेटोला पैसे देणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्याच वेळी आणखी एका प्रकल्पाला पैसे दिले. नाव टिकिट. माइटर कॉर्पोरेशन आणि ब्रिगहॅम यंग विद्यापीठ यांनी तो उभा केला. पडदा म्हणजे रंगीत टीव्ही. आणि कीबोर्डवर काय होतं? ‘नियम’, ‘उदाहरण’, ‘सराव’, ‘सोपं’, ‘अवघड’, ‘नकाशा’, ‘सल्ला’. डेव्हिड मेरिल आणि व्हिक्टर बंडरसन यांचं म्हणणं असं की आधी नियम बघायचा की उदाहरण, किती सराव करायचा, हे शिकणाऱ्याने ठरवावं. गोंधळ झाला तर ‘सल्ला’ दाबावा.

कागदावर मला टिकिट जास्त पटतं. माणसाला मोठं समजून केलेली रचना आहे ती. तुम्हालाही पटेल. पण पुढे ऐका.

दोन्ही प्रकल्प कम्युनिटी कॉलेजांत लावले गेले आणि एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या बाहेरच्या संस्थेने दोन्ही तपासले. १९७८ च्या सुमारास निकाल आले. प्लेटो विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आवडलं होतं, पण मार्कांवर ठळक परिणाम दिसला नाही, ना चांगला ना वाईट. टिकिटचं उलट. गणितात ज्यांनी कोर्स पूर्ण केला, त्यांचे मार्क वर्गात शिकलेल्यांपेक्षा चांगले आले. पण पूर्ण करणारे वर्गातल्यापेक्षा खूपच कमी होते. बाकीचे मधेच गळले.

हे ओळखीचं वाटतंय ना? २०१२ च्या आसपास मोठमोठे ऑनलाइन कोर्स आले तेव्हा हेच ‘नवीन’ म्हणून सापडलं: नाव नोंदवणारे लाखो, शेवटपर्यंत जाणारे मूठभर. आणि आम्ही लोक काय करतो? स्ट्रीक लावतो, बॅज देतो, रात्री नऊला नोटिफिकेशन पाठवतो. मला वाटतं, उत्तर बटणांच्या बाहेर आहे. प्लेटो त्या कॉलेजांमध्ये शिक्षकाच्या हाताखाली, वर्गाच्या जोडीला वापरलं जायचं. टिकिटने पूर्ण कोर्सच अंगावर घेतला होता. सगळे निर्णय विद्यार्थ्याचे म्हटलं की सोडून देण्याचा निर्णयही त्याचाच. तो घेताना ‘काय रे, दोन दिवस दिसला नाहीस’ म्हणणारं कुणी नसतं.

म्हणजे मशीनने सतत बोलावं का? तर नाही, आणि त्याचं उत्तरही प्लेटोच्याच एका खेळातून आलं. ‘हाउ द वेस्ट वॉज वन’ हा बॉनी अँडरसनने प्लेटोवर बनवलेला अंकगणिताचा खेळ. तीन आकडे मिळायचे. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार लावून त्यांची राशी करायची, जे उत्तर येईल तेवढी घरं पुढे. मुलं एकच युक्ती धरून बसायची आणि कंसाकडे बघायचीच नाहीत. रिचर्ड बर्टन आणि जॉन सीली ब्राउन यांनी या खेळाला एक कोच जोडला. कोच म्हणजे प्रत्येक चाल बघणारा प्रोग्रॅम. त्यांनी त्याला शिकवलं काय, तर गप्प कधी बसायचं ते. मुलाला खेळ स्वतः उमगायच्या आधी बोलायचं नाही. लागोपाठ दोन चालींना टोकायचं नाही. चाल फारच चांगली असेल तर शाबासकी द्यायची. १९७९ मध्ये त्यांनी हे छापलं. आज कुठल्याही एआय ट्यूटरशी दहा मिनिटं बोलून बघा आणि यातला कुठला नियम तो पाळतो ते मोजा.

प्लेटोचं पुढे काय झालं? कंट्रोल डेटा कंपनीचे विल्यम नॉरिस यांनी त्यावर मोठी पैज लावली, पण टर्मिनल आणि तास दोन्ही महाग राहिले आणि मग स्वस्त पर्सनल कॉम्प्युटर आले. १९८०च्या दशकाअखेर कंपनीने प्लेटो हे नाव विकून टाकलं. जाता जाता ऑनलाइन गप्पा, चर्चेचे फलक, एकत्र खेळायचे गेम हेही त्याच पडद्यांवर रुजले. ‘नोट्स’ हा फलक डेव्हिड वूलीने १९७३ मध्ये लिहिला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. पण तो एक अख्खा वेगळा भाग होईल.

स्वतः बघायचं असेल तर सायबर-वन नावाच्या साइटवर हौशी लोकांनी जुनं प्लेटो चालू ठेवलंय. फुकट खातं मिळतं. फोनवर नको, लॅपटॉपवर बघा. नारिंगी पडदा येईल. ‘नेक्स्ट’साठी एंटर दाबायचं.