सू काउंटीची डुकरे आणि करोनाकाळातली सरकारी मदत

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वायव्य टोकाला सू काउंटी आहे. १८७० च्या सुमारास डच स्थलांतरित इथे आले आणि त्यांनी ऑरेंज सिटी वसवली. काउंटीत माणसे सुमारे छत्तीस हजार आणि डुकरे दहा लाखांहून जास्त. शेतात मका-सोयाबीन पिकते, त्यातला बराचसा मका जनावरांच्या पोटात जातो.

१२ एप्रिल २०२० रोजी शेजारच्या साउथ डकोटातल्या सू फॉल्सचा स्मिथफील्ड कत्तलखाना बंद झाल्याची घोषणा झाली. करोनाने शेकडो कामगारांना गाठले होते. देशातल्या डुकराच्या मांसापैकी चार-पाच टक्के या एका ठिकाणाहून येई. डुक्कर सहा महिन्यांत सव्वाशे किलोचे होते आणि लगेच विकावे लागते, कारण शेड रिकामी होण्याची वाट पाहत पुढची पिल्ले तयार असतात. वजन फार वाढले की कारखान्याची यंत्रणा ते जनावर घेत नाही. म्हणून वाढ मंदावावी यासाठी शेतकऱ्यांनी खाद्यातला कोंडा वाढवला. जिथे तेही पुरले नाही, तिथे निरोगी जनावरे मारून पुरावी लागली. जन्मभर जनावरे राखणाऱ्यासाठी याहून क्रूर काम नसेल.

१७ एप्रिलला केंद्र सरकारने १,९०० कोटी डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले १,६०० कोटी थेट शेतकऱ्यांना द्यायचे होते आणि उरलेल्या पैशांतून अन्नखरेदी करायची होती. अर्ज २६ मेपासून स्थानिक कृषी सेवा कार्यालयात घेतले गेले. दारे बंद असल्याने बहुतेक काम फोनवर आणि ईमेलवर चाले. १५ जानेवारी ते १५ एप्रिलदरम्यान विकलेल्या मोठ्या डुकरामागे १८ डॉलर आणि लहानामागे २८ डॉलर मिळत. शिवाय १६ एप्रिल ते १४ मे यांतला एक दिवस शेतकऱ्याने निवडायचा आणि त्या दिवशी शेडमध्ये असलेल्या प्रत्येक डुकरामागे १७ डॉलर घ्यायचे. आकडा शेतकऱ्याने स्वतःच प्रमाणित करायचा, कागदपत्रे तपासणी झाली तरच दाखवायची. सप्टेंबरात दुसरी फेरी सुरू झाली, तिचा दर डुकरामागे २३ डॉलर होता. एका व्यक्तीची मर्यादा अडीच लाख डॉलर होती. कंपनीत राबणारे तीन भागीदार असले तर ती साडेसात लाखांपर्यंत जाई.

ही पद्धत एका रात्रीत उभी राहिली नव्हती. १९३३ मध्ये, महामंदीत, आयोवाचेच हेन्री वॉलेस कृषिमंत्री होते. भाव सावरावेत म्हणून त्यांच्या खात्याने सुमारे साठ लाख डुकरे विकत घेऊन मारली. पुढे मका आणि डुकरांचे उत्पादन घटवण्याचे करार शेतकऱ्यांच्याच काउंटी समित्यांमार्फत झाले. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या करारांमागचा कायदा रद्द केला, पण समित्या टिकल्या. २०१८ आणि २०१९ मध्ये चीनशी झालेल्या व्यापारयुद्धाची भरपाई याच समित्यांच्या काउंटी कार्यालयांतून वाटली गेली. २०१९ चा एकरी दर तर काउंटीनिहाय ठरला होता, १५ ते १५० डॉलर. त्यामुळे महामारी आली तेव्हा शेतकऱ्यांची खाती आधीच उघडलेली होती आणि कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांशी ओळखही जुळलेली होती. पैसा इतक्या लवकर पोचला तो याच कारणाने.

पण डोकी मोजून दिलेला पैसा ज्याची डोकी जास्त त्याच्याकडे जास्त जातो. त्याहून मोठा अन्याय कंत्राटी पालकांवर झाला. आयोवातल्या अनेक शेडमधली डुकरे कंपन्यांच्या मालकीची असतात. शेड, तिचे कर्ज आणि पहाटेची राबणूक मात्र शेतकऱ्याची. कंपनीने पिल्ले पाठवणे थांबवले की शेड रिकामी राहते आणि हप्ता थांबत नाही. तरीही भावाचा धोका त्यांच्यावर नाही म्हणून दोन्ही फेऱ्यांत त्यांना वगळले गेले.

२७ डिसेंबर २०२० च्या कायद्याने ही चूक दुरुस्त करण्याची वाट मोकळी केली. कंत्राटी पालकांना आधीच्या वर्षाच्या तुलनेत बुडालेल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाई ठरली, आणि मारून टाकलेल्या जनावरांसाठी वेगळी योजना आली. कंत्राटी पालकांच्या अर्जांची मुदत १२ ऑक्टोबर २०२१ रोजी संपली. सू फॉल्सचा कारखाना पुन्हा सुरू होऊन तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक काळ झाला होता.