रिव्हॉल्व्हरची राखीव काडतुसे

रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये भरलेल्या काडतुसांखेरीज शस्त्रधाऱ्याने अंगावर बाळगलेली काडतुसे व ती बाळगण्याची साधने. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये सामान्यतः पाच किंवा सहा कप्पे असतात. ते रिकामे झाले की शस्त्र निरुपयोगी ठरते. म्हणून राखीव काडतुसे किती आहेत यापेक्षा ती हाताला किती लवकर लागतात व कप्प्यात किती लवकर बसतात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. स्वयंभरण पिस्तुलात हा प्रश्न जवळजवळ उद्‌भवत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल या जातीचे होते. त्याची काडतुसे मुठीतील सपाट पेटीत असतात. ही पेटी साठवणीचे व भरणीचे असे दोन्ही साधन होय. रिव्हॉल्व्हरला असे अंगभूत साधन नाही. ते बाहेरून पुरवावे लागते.

काडतुसे ठेवण्याच्या चामडी पेटीला मराठीत ‘तोसदान’ असा जुना शब्द आहे. बंदूकधारी शिपायाच्या कमरेला ते लटकत असे. सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे एकस्व मिळविले, तेव्हा दारू, गोळी व टोपी ही निरनिराळी भरावी लागत. या कामास काही मिनिटे लागत, म्हणून काही जण भरलेला दुसरा सिलिंडरच जवळ ठेवीत. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन या कंपनीने धातूच्या काडतुसांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. तेव्हापासून दारू, गोळी व टोपी एका पितळी कोशात आली आणि राखीव काडतूस ही सुटी, खिशात मावणारी वस्तू बनली.

खिशातील सुटी काडतुसे मात्र उलटसुलट पडतात, वाजतात आणि त्यांना धूळ लागते. यावर चामडी पट्ट्याला एका ओळीत शिवलेली कडी हा पहिला उपाय होता. त्यात लवकरच एक दोष दिसून आला. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये व पितळ यांची ओलाव्यात रासायनिक विक्रिया होऊन कोशावर हिरवा जंगाल चढतो. पितळी भांड्यात ताक कळकते त्याच जातीचा हा प्रकार होय. जंगाल चढलेले काडतूस कप्प्यात घट्ट बसते व वेळेवर निघत नाही. अमेरिकन सेनाधिकारी अँसन मिल्स याने चामड्याऐवजी विणलेल्या सुती कड्यांचा पट्टा प्रचारात आणला, त्यामागे हेच कारण होते. मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरात, विशेषतः पावसाळ्याच्या चार महिन्यांत, हा दोष तीव्र होतो. म्हणून काडतुसे चामडी कड्यांत कायमची न ठेवता काढून, कोरड्या फडक्याने पुसून वेगळी ठेवणे श्रेयस्कर ठरते. जंगाल टाळण्यासाठी त्यांना तेल लावणे हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. तेल टोपीत झिरपल्यास काडतूस उडतच नाही.

भारतातील गणवेशधारी अधिकाऱ्याची राखीव काडतुसे दीर्घकाळ सॅम ब्राउन पट्ट्यावर राहिली. सॅम्युएल ब्राउन या सेनाधिकाऱ्याने १८५८ मध्ये रोहिलखंडातील चकमकीत डावा हात गमावला. एका हाताने तलवार उपसता यावी, म्हणून त्याने खांद्यावरून जाणाऱ्या आडव्या पट्टीचा हा पट्टा योजिला. पुढे त्यावर रिव्हॉल्व्हरचे म्यान व काडतुसांची छोटी पेटी आली. १८८७ मध्ये ब्रिटिश सेनेने स्वीकारलेले वेब्ली रिव्हॉल्व्हर मधोमध दुमडते व दुमडताच सर्व रिकामे कोश एकदम बाहेर फेकते. रिकामे करणे अशा रीतीने क्षणाचे काम झाले. पण भरणे मात्र एकेका काडतुसाचेच राहिले. ही तफावत भरून काढण्यासाठी प्रिडो या इंग्रज संशोधकाने सहा काडतुसे वर्तुळात धरून ती एकाच दाबाने सोडणारे साधन तयार केले. पहिल्या महायुद्धात काही अधिकाऱ्यांनी ते वापरले. त्याच युद्धात अमेरिकेने कड नसलेली पिस्तुलाची काडतुसे रिव्हॉल्व्हरमध्ये वापरण्यासाठी प्रत्येकी तीन काडतुसे धरणाऱ्या अर्धचंद्राकृती पोलादी क्लिपा काढल्या. त्या मुळात कडेची उणीव भरून काढण्यासाठी होत्या. भरणी जलद झाली हा आनुषंगिक लाभ.

यानंतर अर्धशतक फारशी प्रगती झाली नाही. ५-६ एप्रिल १९७० च्या मध्यरात्री कॅलिफोर्नियातील न्यूहॉलजवळ महामार्ग पोलिसांपैकी चौघे काही मिनिटांत मारले गेले. त्यांच्यापैकी एक जण पट्ट्यावरील पेटीतून हातात ओतलेली सुटी काडतुसे भरत असतानाच गोळीला बळी पडला. पेटीचे झाकण उघडताच सहाही काडतुसे तळहातावर पडतात, हा तिचा गुण शांतपणी खरा. थरथरत्या बोटांना आणि अंधारात तो दोष ठरतो. त्या पोलीस दलाने यानंतर वर्तुळाकार जलद भरणी साधन स्वीकारले व इतर दलांनी त्याचे अनुकरण केले.

वर्तुळाकार साधनाची अडचण त्याच्या आकारात आहे. ते सिलिंडरएवढेच, म्हणजे सु. साडेतीन सेंमी. जाड असते, साध्या पोशाखातील माणसाच्या खिशात ते फुगवटा आणते. बिआंची या अमेरिकन चर्मवस्तू-उत्पादकाच्या नावाशी निगडित असलेली लवचिक पट्टी हा यावरील आटोपशीर पर्याय होय. तीत सहा काडतुसे बुडाच्या कडेने एका ओळीत अडकवलेली असतात. पट्टीची जाडी काडतुसाच्या कडेइतकीच, ०·३८ इंची काडतुसासाठी सु. ११ मिमी., असते. दोन काडतुसे शेजारच्या दोन कप्प्यांत एकदम घालून पट्टी सोलल्यासारखी ओढून काढतात. वर्तुळाकार साधनाने एका हालचालीत होणारे काम तिने तीन हालचालींत होते. मात्र दोनच कप्पे रिकामे झाले असतील, तर तेवढेच भरता येतात. दडवून बाळगण्यात पट्टी सरस आणि वेगात वर्तुळाकार साधन सरस, असा निवाडा करता येतो.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इ. उपनगरे १९५० व १९५७ च्या विस्तारांत बृहन्मुंबई महानगरपालिकेत आली. शस्त्रपरवान्यांबाबत ती मुंबई पोलीस आयुक्तांच्या अधिकारक्षेत्रात मोडतात. येथील परवानाधारकांपैकी अनेकांकडे कानपूरच्या शस्त्रनिर्माणीचे ०·३२ इंची, वेब्लीच्या धर्तीवर दुमडणारे रिव्हॉल्व्हर असते. पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा निर्माणीत (स्थापना १८६९) तयार झालेल्या काडतुसांच्या बुडावर तिची रोमन आद्याक्षरे आढळतात. पोलिसांच्या बाबतीत मात्र रिव्हॉल्व्हरचे महत्त्व ओसरत गेले. १६ नोव्हेंबर १९९१ रोजी अंधेरीतील लोखंडवाला संकुलात झालेल्या चकमकीत स्वयंचलित रायफली वापरल्या गेल्या. २००८ च्या हल्ल्यानंतर उभारलेल्या व गोरेगाव येथे मुख्यालय असलेल्या ‘फोर्स वन’ पथकाच्या शस्त्रसज्जतेत सहा कप्प्यांच्या हिशेबाला स्थान उरले नाही.

काडतुसांची मोजदाद परवान्याला बांधलेली असते. एका वेळी जवळ किती ठेवायची व वर्षभरात किती विकत घ्यायची, हे त्यावर नोंदविलेले असते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली शस्त्र नसताना नुसते काडतूस विनापरवाना बाळगणे हाही गुन्हा आहे. पट्टी किंवा सुटे काडतूस इतके लहान असते, की प्रवासाच्या पिशवीच्या अस्तरात ते विसरले जाते व अंधेरीजवळील विमानतळासारख्या ठिकाणी तपासणीत सापडते. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ताबा जाणीवपूर्वक असला पाहिजे, असे तत्त्व मांडले. अजाणता राहिलेल्या काडतुसाच्या प्रकरणांत बचावपक्ष याच तत्त्वाचा आधार घेतो. तथापि जाणीव नव्हती हे ठरेपर्यंत चौकशीला तोंड द्यावेच लागते.