साताऱ्याचा शरद आणि आमचे सीमोल्लंघन

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत सहलींविषयी काही लिहावे, असे मला सांगण्यात आले. सहलीचे वर्णन म्हटले की निघालो किती वाजता, जेवलो काय आणि परतलो कधी, एवढेच लिहिले जाते. पण लिहायला बसले तेव्हा मनात आले की, आश्विन-कार्तिकात घराबाहेर पडण्याची ही चाल आपल्या साताऱ्यात किती जुनी आहे, आणि तीत आपण बायका कोठे होतो, हे एकदा पाहावे.

भाद्रपद सरत आला की पाऊस हात आखडता घेतो. ओढ्यांचे पाणी निवळते, वाटा सुकतात, खरिपाचे पीक भरत येते. पूर्वी याच सुमारास मराठ्यांच्या फौजा मुलूखगिरीस निघत. पावसाळाभर घरची शेती पाहावी आणि दसऱ्याला शिलंगण करून गावची शीव ओलांडावी, असा क्रम होता. म्हणजे सीमोल्लंघन ही मुळात हौस नव्हती, ते कामावर निघणे होते. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू छत्रपतींना साताऱ्यास राज्याभिषेक झाला, हे गाव राजधानी झाले आणि येथील दसऱ्याला राजधानीचा थाट आला. राज्य गेले तरी त्याची खूण राहिली आहे. आजही दसऱ्याला जलमंदिर राजवाड्यातून भवानी तलवार पालखीत घालून पोवई नाक्यापर्यंत नेतात आणि तेथे सोने लुटतात.

या मिरवणुकीत बायका कोठे असत? याचे उत्तर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर उभे आहे. १८१८ मध्ये प्रतापसिंह महाराज पुन्हा गादीवर बसले. त्यांनी १८३० मध्ये तेथे एक लहानशी वास्तू बांधली. राजघराण्यातील स्त्रियांना दसऱ्याची स्वारी वरून पाहता यावी, यासाठी ती बांधली असे साताऱ्यात सांगतात. पुढे १८५७ च्या हुतात्म्यांचे स्मारक तेथे झाले. आपण सारे त्या जागेला ‘चार भिंती’ म्हणतो. संध्याकाळी मुलांना घेऊन आपण तेथे वारा खायला जातो, तेव्हा खाली सारे गाव दिसते. मी तेथे बसले की मला त्या राण्या आठवतात. पुरुषांनी शीव ओलांडायची आणि बायकांनी ती ओलांडताना पाहायची, अशी ती वाटणी होती.

राण्यांना निदान चार भिंती तरी होत्या. सामान्य घरच्या बायकांनी मात्र देवाधर्माच्या आधाराने आपल्या वाटा काढल्या. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात गेला की मुलींचा हादगा सुरू होई. भिंतीवर हत्तींचे चित्र लावायचे, त्याला फळाफुलांच्या माळा घालायच्या, रोज एक गाणे वाढवीत फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. गाण्यात सासरचे गाऱ्हाणे मोकळेपणी गाता येई, आणि त्याबद्दल कोणी रागे भरत नसे. मग कोजागिरीला चांदण्यात जागरण. कार्तिकात पहाटे माहुलीच्या संगमावर स्नान. कृष्णा आणि वेण्णा तेथे मिळतात, आणि महाराणी ताराबाईंची समाधीही तेथेच आहे. शेवटी आवळीभोजन. कार्तिक शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंतच्या एखाद्या दिवशी आवळीखाली दामोदराची पूजा करून तेथेच पाने मांडायची. एकादशी उलटली असली म्हणजे चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चालते, मग भरीत-भाकरीला काय रंग चढतो! पुण्य तर लागेच, पण चुलीपुढून उठून झाडाखाली बसायला मिळे, हे काय थोडे होते?

पण या वाटांनाही एक कुंपण होते. हादगा माहेरच्या पोरींचा, आणि पूजा व हळदीकुंकू सवाष्णींचे. जिचे कुंकू पुसले गेले तिला बोलावणे नसे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, आमच्या घरचेच सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई सेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि मामंजी जाऊन आठ वर्षे झाली होती. आवळीभोजनाचे वडे त्या पहाटे उठून तळून देत, डबे बांधून देत आणि आम्ही निघालो की दाराशी उभ्या राहून म्हणत, “सावकाश या गं, मी आहे घरी.” आम्ही जात होतो. मीही जात होते. घर सांभाळायला कोणी तरी हवेच, असे मी मनाला सांगत असे. आज ते लिहिताना लाज वाटते.

२०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर आपल्या कासच्या पठाराला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. साऱ्या मुलखातून माणसे फुले पाहायला येऊ लागली. आपल्या घरापासून सहा-सात कोसांवर असलेले पठार आपणच पाहिले नाही, असे २०१३ च्या बैठकीत निघाले आणि मंडळाची सहल ठरली. फुलांचा भर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होता, आणि नेमका तेव्हा पितृपक्ष. काहींनी कुरकूर केली. पण फुले आपल्यासाठी थांबणार नव्हती. पितृपक्ष म्हणून सहलीतले हळदीकुंकू मात्र रद्द झाले. हळदीकुंकूच नाही म्हटल्यावर नावे लिहिताना सवाष्ण कोण आणि कोण नाही, हा विचारच उरला नाही. यादी करणाऱ्या बाईंनी सहज विचारले, “तुमच्या सासूबाईंचे नाव घालू ना?” माझ्या तोंडून पटकन निघाले, “त्या कशाला येतात!” घरी येऊन विचारले, तर त्या म्हणाल्या, “कासला? येते की. माझ्या माहेरची वाट आहे ती.”

यवतेश्वरचा घाट चढून गाडी वर गेली. पठार सुमारे चार हजार फूट उंचीवर आहे. तेथे जांभ्या दगडाचे कातळ आणि वर वीतभरसुद्धा माती नाही. पावसात त्यात पाणी साठते आणि पाऊस गेला की ती वाळून जाते. त्यामुळे उघड्या कातळावर मोठे झाड तग धरत नाही, आणि इवल्या रोपांना फुलून बी धरण्याचे सारे काम थोडक्या आठवड्यांत उरकावे लागते. म्हणून तर असा एकदम गालिचा पसरतो. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, पांढरे गेंद आणि ओलीतली निळसर जांभळी सीतेची आसवे. ही सीतेची आसवे दिसायला नाजूक, पण पाण्यातले बारीक किडे धरून खाणारी! वायतुरा नावाचे एक फूल तर आपल्या जिल्ह्यातल्या अशा पठारांचे म्हणून ओळखले जाते. त्याच्या शास्त्रीय नावातही सातारा आहे.

आम्ही पाट्या वाचत होतो, सासूबाई नावे सांगत होत्या. कारवीपाशी थांबून म्हणाल्या, “ही सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि वाळते. हिच्या काठ्यांचा कूड घालून शेणाने लिंपला की झाली भिंत. आमचे घर तसलेच होते.” पंधरा-वीस बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या. दाराशी उभे राहून आम्हांला निरोप देणारी बाई त्या दिवशी पुढे चालत होती.

दुपारी बामणोलीला उतरलो आणि नावेत बसलो. शिवसागर तुडुंब भरला होता. कोयना धरणाचे पाणी १९६० नंतरच्या वर्षांत या खोऱ्यात चढत गेले, गावे उठली, माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत वसवली गेली. सासूबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. नाव मध्यावर आली तेव्हा त्यांनी समोरचा डोंगर नीट न्याहाळला आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “इथे खाली आमचे खाचर होते. या दिवसांत भात पोटरीला आलेला असायचा.” गाणी चालली होती ती थांबली. मग त्यांनीच आवाज लावला आणि आपल्या गावचे हादग्याचे गाणे म्हटले. लग्नानंतर त्यांना कोणी ते म्हणायला सांगितलेच नव्हते.

त्याच वर्षी कार्तिकात मंडळाने ठरवले की, आवळीभोजनाला सर्वांनी यायचे, आणि हळदीकुंकवाऐवजी प्रत्येकीला फूल आणि आवळा द्यायचा. दोन-तीन जणी रुसल्या, पुढच्या वर्षी त्याही आल्या. ती रीत अजून चालू आहे.

कासवर पुढे गर्दी इतकी वाढली की रोज येणाऱ्यांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली. ते योग्यच झाले. तेव्हा भगिनींनो, दोन विनंत्या करते. फुलांत गेलात तर पायवाट सोडू नका आणि फूल तोडू नका. त्या रोपांना वर्षातून एवढेच दिवस मिळतात. आणि सहलीची यादी कराल तेव्हा घर सांभाळणारीचे नाव आधी लिहा. फुलांसाठी कुंपण असावे, माणसांसाठी नसावे.

सासूबाईंचे गुडघे आता चालत नाहीत, त्यामुळे पठारावर त्यांना नेता येत नाही. पण आवळीभोजनाची वर्गणी दर साली सर्वांत आधी त्यांचीच येते. वडे आता मी तळते, आणि आम्ही दोघी मिळून घराला कुलूप लावतो.