पहिलं पान

‘नाटो’तली भांडणं वर्तमानपत्रात वाचली की मला आमचं भोर आठवतं. संरक्षणावर प्रत्येकानं राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के खर्च करावा असं २०१४ साली ठरलं. २०२५ साली ठरलं, २०३५ पर्यंत पाच. अमेरिका आपली गणपतीच्या मंडळाच्या अध्यक्षासारखी पावतीपुस्तक घेऊन दारात उभी!

मावळातल्या मंडळाला पावतीपुस्तक नव्हतं. १६५९ साली अफजलखान निघाला, तेव्हा कारीच्या कान्होजी जेध्यांना आदिलशाही फर्मान आलं : खानाला सामील व्हा. उत्रवळीचे खंडोजी खोपडे गेलेसुद्धा. कान्होजींनी मात्र शिवाजीमहाराजांपुढे वतनावर पाणी सोडलं. वतनावर, बरं का! आमच्याकडे वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

पुढच्याच जुलैत घोडखिंडीत हिरडस मावळचे बांदल कापले गेले, बाजीप्रभू पडले. याचे टक्के कसे काढायचे? मग दरबारातलं मानाचं पहिलं पान, जे जेध्यांचं होतं, ते महाराजांनी बांदलांना देवविलं, आणि जेध्यांनी ते दिलं असं सांगतात. मला तर हाच पराक्रम मोठा वाटतो. पंगतीत आधी कोणाला वाढलं यावरून मोडलेल्या सोयरिकी मी पाहिल्या आहेत.

दुसऱ्या बाजीरावसाहेबांचा कारभार मात्र रोखीचा. ३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह : निदान सहा हजार पायदळ कंपनीचं, त्याच्या खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख पेशव्यांचा. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीत त्याच तैनाती फौजेनं पेशव्यांच्या सैन्यावर गोळ्या झाडल्या. गोळ्यांचे पैसे आगाऊ पोचले होते.