कटांगा

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या आग्नेय भागातील भूतपूर्व प्रांत. क्षेत्रफळ सु. ४,९७,००० चौ. किमी.; राजधानी लुबुंबाशी (१९६६ पूर्वीचे एलिझाबेथव्हिल). पूर्वेस टांगानिका सरोवर, दक्षिणेस झांबिया व नैर्ऋत्येस अंगोला. आग्नेयेकडे त्याची एक चिंचोळी जिभळी झांबियात घुसलेली आहे.

दक्षिण भाग पठारी व पानगळीच्या विरळ वनांचा असून पावसाळा नोव्हेंबर ते मार्च असतो. लुआलाबा नदी (पहा : काँगो नदी) उपेंबाच्या खोलगट, सरोवरांनी भरलेल्या भागातून उत्तरेस वाहते. येथील जुन्या दफनांत मृताजवळ ठेवलेले तांब्याचे लहान क्रूस सापडतात. साच्यात ओतलेले असे क्रूस चलन म्हणूनही वापरात होते. तांबे व कोबाल्ट ही मुख्य खनिजे. शिंकोलोब्वेचे युरेनियम अमेरिकेच्या पहिल्या अणुबाँबसाठी वापरले गेले.

१८९१ मध्ये येके राजा म्सिरी मारला गेला व प्रदेश काँगो मुक्त राज्यात गेला. १९०० पासून कारभार एका विशेष समितीकडे होता. १९०६ मध्ये ‘युनियन मिनिएर’ ही खाणकंपनी स्थापन झाली. कटांग्याचे पुढील राजकारण या खाणींपासून वेगळे काढता येत नाही. ११ जुलै १९६० रोजी प्रांताचे नेते मोइझ चोंबे यांनी कटांग्याचे काँगोपासून स्वातंत्र्य जाहीर केले. जानेवारी १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजांनी ही फुटीरता संपवली. त्यांत भारतीय तुकड्याही होत्या. १९७१–९७ या काळात प्रांताचे नाव शाबा (स्वाहिलीत ‘तांबे’) होते. २०१५ मध्ये त्याचे वरचा कटांगा, वरचा लोमामी, लुआलाबा व टांगानिका असे चार प्रांत झाले (पहा : काँगो लोकशाही प्रजासत्ताक).